पाणपक्ष्यांची जागतिक संख्या आणि लाल यादीतील दर्जा: आकडे कसे वाचावेत

आपला प्रश्न असा आहे. मराठवाड्यातील आपल्या गावाजवळच्या तलावावर दर हिवाळ्यात सहाशे-सातशे पट्टकादंब (बार-हेडेड गूज) उतरतात. या जातीची जगातील संख्या एका जुन्या संकलनात ५२ ते ६० हजार दिली आहे, तर अलीकडच्या एका ठिकाणी ९७ हजार ते १ लाख १८ हजार. यांपैकी खरी कोणती? जगात वीस-तीस लाख असलेला छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) लाल यादीत, म्हणजे कोणत्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या आययूसीएनच्या जागतिक यादीत, ‘संकटसमीप’ ठरतो आणि लाखभरच असलेला पट्टकादंब ‘किमान चिंते’च्या वर्गात राहतो, हे कसे? आणि या आकड्यांच्या आधारे आपल्या तलावाचे महत्त्व शासनाला पटवून देता येईल का?

आधी थोडक्यात सांगतो. दोन्ही आकडे आपापल्या काळच्या माहितीवर बेतलेले अंदाज आहेत आणि दोन्हींमधल्या फरकाचा अर्थ पक्षी तेवढे वाढले असा नाही. संवर्धनाचा दर्जा केवळ संख्येवरून ठरत नाही. संख्या कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालली आहे, पक्षी किती जागांवर एकवटले आहेत आणि त्या जागांचे पुढे काय होणार आहे, यांवरून तो मुख्यतः ठरतो. तलावाच्या बाबतीत जागतिक संख्येचा उपयोग निश्चित होतो, परंतु तो एका ठरलेल्या नियमाने करावा लागतो. त्याचा तपशील शेवटी देतो.

पाणपक्ष्यांच्या जागतिक अंदाजांचा पाया हिवाळी मोजणी हा आहे. युरोप आणि आसपासच्या प्रदेशांत ही समन्वित मोजणी १९६७ साली सुरू झाली. भारतीय उपखंडात १९८७ पासून ‘आशियाई पाणपक्षी गणना’ या नावाने ती जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास होते. जानेवारी निवडण्याचे कारण सरळ आहे. या काळात बहुतेक स्थलांतरित पक्षी मुक्कामाला स्थिरावलेले असतात, उघड्या पाण्यावर थव्यांनी एकत्र आलेले असतात, आणि एकच थवा दोन जागी मोजला जाण्याची शक्यता कमी असते. मात्र या मोजणीतून मिळते ती ‘दिसलेल्या’ पक्ष्यांची बेरीज. ती नेहमी किमान संख्या असते. जिथे कोणी पोहोचले नाही ते तलाव, धुक्यात झाकलेले थवे, बेटांच्या पलीकडे बसलेली बदके यांचा हिशेब त्यात नसतो. म्हणून वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था अनेक वर्षांच्या मोजण्या, प्रजननक्षेत्रांतील सर्वेक्षणे आणि त्या त्या प्रदेशातील जाणकारांचे मत एकत्र करून प्रत्येक समूहाचा, म्हणजे एकाच जातीच्या पण ठरावीक प्रदेशांत वावरणाऱ्या पक्ष्यांच्या गटाचा, अंदाज बांधते. अशा अंदाजांचे पहिले संकलन १९९४ साली निघाले आणि पाचवे २०१२ साली; त्यानंतर ही माहिती संगणकीय संचात अद्ययावत होते. जिथे माहिती फारच तुटपुंजी असते तिथे आकडा देण्याऐवजी अक्षरांकित पट्टे वापरले जातात: दहा हजारांच्या आत, दहा ते पंचवीस हजार, पंचवीस हजार ते एक लाख, एक ते दहा लाख आणि त्याहून अधिक. दक्षिण आशियातील अनेक समूह आजही अशाच पट्ट्यांत बसवलेले आहेत. एखाद्या जातीसमोर ‘२५ हजार ते १ लाख’ असे लिहिलेले दिसले, तर ती मोजणी झालेली नसून आपल्या अज्ञानाची रुंदी तिथे नोंदवली आहे, असे समजावे.

पट्टकादंबाच्या बाबतीत हेच घडले. २००६ च्या संकलनातील ५२ ते ६० हजारांचा अंदाज हाती असलेल्या मोजण्यांवर उभा होता. या जातीचे हजारो पक्षी भारतात न उतरता तिबेटच्या दक्षिणेला, यार्लुंग त्सांगपो नदीच्या खोऱ्यातील शेतांतच हिवाळा काढतात. तिथल्या मोजण्या जसजशा नीट झाल्या तसतसा अंदाज वर गेला. काही प्रमाणात पक्षी खरोखर वाढलेही असतील, पण दोन अंदाजांची वजाबाकी करून ‘पक्षी दुप्पट झाले’ असे म्हणणे चूक आहे. ही चूक वर्तमानपत्री बातम्यांत सर्रास होते, आणि उलट दिशेनेही होते: अंदाज खाली आला की ‘पक्षी निम्म्यावर’ असा मथळा येतो. वाढ-घट पाहायची असेल तर त्याच जागा, त्याच पद्धतीने, अनेक वर्षे मोजलेल्या असाव्या लागतात. अंदाजांच्या दोन आवृत्त्या एकमेकींशेजारी ठेवून ते कळत नाही.

आकडे वाचताना आणखी एका गोष्टीने गोंधळ होतो. वेटलँड्स इंटरनॅशनलचे अंदाज सर्व पक्ष्यांचे असतात, पिल्ले आणि अपरिपक्व पक्षी धरून. लाल यादी मात्र फक्त प्रजननक्षम पक्ष्यांची संख्या विचारात घेते. तिचे पक्ष्यांविषयीचे मूल्यमापन बर्डलाइफ इंटरनॅशनल करते, आणि प्रजननक्षम पक्ष्यांची वेगळी माहिती नसेल तेव्हा एकूण संख्येचा दोन-तृतीयांश भाग प्रजननक्षम मानण्याचा प्रघात आहे. उदाहरणार्थ, मध्य आशियातील गवताळ प्रदेशात घरटी करणाऱ्या आणि काही प्रमाणात कच्छमध्ये हिवाळ्यात येणाऱ्या ‘सोशेबल लॅपविंग’ या टिटवीचा अंदाज १६ ते १७ हजार पक्षी असा आहे, आणि लाल यादीत तोच ११,२०० प्रजननक्षम पक्षी असा दिसतो. दोन्ही आकडे एकाच माहितीचे आहेत. मधल्या काळात कोणतेही पक्षी मेलेले नाहीत.

आता अधिक महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते सर्वाधिक नुकसान याकडे दुर्लक्ष केल्याने होते. जातीची जागतिक संख्या आणि एका उड्डाणमार्गावरच्या (स्थलांतराच्या ठरावीक वाटेवरच्या) समूहाची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत. सायबेरियन क्रौंचाचे उदाहरण पाहा. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात १९६४-६५ च्या हिवाळ्यात या क्रौंचांची संख्या दोनशेच्या घरात होती. ती वर्षागणिक घटत गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. स्थलांतराच्या मार्गात, विशेषतः अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या भागांत होणारी शिकार हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. त्यानंतर भारतात येणारा मध्यवर्ती समूह संपला. इराणमधल्या फरीदूनकेनार येथे येणारा पश्चिम समूह बरीच वर्षे एकाच नरावर येऊन थांबला. तिथल्या लोकांनी त्याला ‘ओमीद’ असे नाव दिले. तरीही या जातीची जागतिक संख्या पाहिली तर ती कमी झालेली दिसत नाही, कारण चीनमधील पोयांग सरोवरात हिवाळा काढणारा पूर्व समूह टिकून आहे आणि अलीकडच्या मोजण्यांत तो चार हजारांहून अधिक भरला आहे. केवळ जागतिक आकडा पाहणाऱ्याला भरतपूरचा शेवट दिसणारच नाही. एक समूह गेला की त्याच्याबरोबर तो मार्ग जाणणारी पिढीही जाते, आणि क्रौंचांमध्ये पिल्ले मार्ग मोठ्यांबरोबर उडून शिकतात, म्हणून दुसऱ्या समूहातले पक्षी आपोआप ती जागा भरून काढत नाहीत.

हीच जात दर्जाबद्दलच्या आपल्या प्रश्नाचेही उत्तर देते. चार हजारांहून अधिक पक्षी असूनही सायबेरियन क्रौंच ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, कारण जवळजवळ सर्व पक्षी हिवाळ्यात एकाच सरोवराच्या परिसरात असतात आणि त्या सरोवराच्या पाण्याची पातळी बदलली तर संपूर्ण जातीचे खाद्य एकाच हंगामात हाताबाहेर जाऊ शकते. लाल यादीचे निकष स्थूलमानाने असे आहेत: दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, ३० टक्के घट झाली असेल किंवा संभवत असेल तर ‘असुरक्षित’, ५० टक्क्यांना ‘संकटग्रस्त’ आणि ८० टक्क्यांना ‘अतिसंकटग्रस्त’. याखेरीज प्रजननक्षम पक्षी दहा हजारांहून कमी असून घट चालू असेल, किंवा एकूणच हजाराच्या आत असतील, तरी जात ‘असुरक्षित’मध्ये येते. घटीच्या निकषात एकूण संख्या किती असावी अशी अट नाही. कोटभर पक्षी असलेली जातही वेगाने घटत असेल तर यादीत येते, आणि ती यावीच, कारण संख्या थोडी उरेपर्यंत वाट पाहिली तर हाती काही उरत नाही.

छोटा रोहित याच कारणाने ‘संकटसमीप’ (‘असुरक्षित’च्या अलीकडचा वर्ग) आहे. त्याची २२ ते ३२ लाख ही जागतिक संख्या चार समूहांची बेरीज आहे: पूर्व आफ्रिकेत १५ ते २५ लाख, आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि मादागास्करमध्ये ५५ ते ६५ हजार, पश्चिम आफ्रिकेत १५ ते २५ हजार, आणि भारताच्या वायव्य भागात व पाकिस्तानात साडेसहा लाख. हे चारही अंदाज वेगवेगळ्या काळचे आणि वेगवेगळ्या भरवशाचे आहेत. लाखांनी असलेला हा पक्षी घरटी मात्र मोजक्याच जागी करतो. पूर्व आफ्रिकेतील समूह प्रजननासाठी मुख्यतः टांझानियातील नॅट्रॉन या एका क्षारसरोवरावर अवलंबून आहे, आणि आपल्याकडचे पक्षी कच्छच्या रणावर. रोहित दीर्घायुषी असतो. त्यामुळे सलग अनेक वर्षे पिल्ले वाढली नाहीत तरी प्रौढ पक्ष्यांचे थवे भरलेलेच दिसतात आणि मोजणारा समाधानी राहतो. ठाण्याच्या खाडीत एका हंगामात लाखावर रोहित दिसणे ही आनंदाची गोष्ट आहे. २०१५ साली ही खाडी रोहित अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. परंतु त्या लाखामुळे जात सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. खाडीतले दृश्य आपल्याला हिवाळ्यातील खाद्याविषयी सांगते. प्रजननाविषयी काहीही नाही.

संख्या आणि दर्जा किती वेगळ्या दिशांनी जाऊ शकतात हे ‘ग्रेट नॉट’ या किनारपक्ष्यावरून सर्वांत स्पष्ट कळते. तो सायबेरियात घरटी करतो, हिवाळ्यात मुख्यतः ऑस्ट्रेलियाला जातो आणि वाटेत पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर थांबून अंगावर चरबी चढवतो. दक्षिण कोरियातील सेमांगुम येथे भरतीच्या पाण्याला अडवणारी ३३ किलोमीटरची भिंत २००६ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाली. पुढच्या दोन वर्षांत तिथले हजारो ग्रेट नॉट नाहीसे झाले आणि ऑस्ट्रेलियातील मोजण्यांतही घट दिसली. म्हणजे ते शेजारच्या चिखलपट्ट्यांवर सामावले गेले नाहीत. जात २०१० साली ‘असुरक्षित’ आणि २०१५ साली ‘संकटग्रस्त’ झाली. यानंतर २०१६ साली त्या उड्डाणमार्गाचे अंदाज नव्याने बांधले गेले तेव्हा ग्रेट नॉटची संख्या ४ लाख २५ हजार निघाली, जी आधीच्या, तीन लाखांच्या आतल्या अंदाजाहून बरीच जास्त होती! कारण पद्धत सुधारली होती आणि न मोजलेल्या किनाऱ्यांचाही हिशेब धरला गेला होता. घट मात्र खरीच होती आणि दर्जा तसाच राहिला. कागदावरचा आकडा वाढला म्हणून भिंतीमागचा चिखल परत आला नाही.

सोशेबल लॅपविंगचेही असेच. २००४ साली ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली तेव्हा जगात काही शे जोड्याच उरल्या असाव्यात असा समज होता. नंतर कझाकस्तानात बरीच घरटी सापडली आणि २००७ साली तुर्कस्तानातील जेलानपिनार येथे एकाच वेळी ३,२०० पक्षी मोजले गेले. संख्येचा अंदाज अनेक पटींनी वाढला, तरी तीव्र घटीच्या भीतीमुळे दर्जा कायम राहिला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये १६ किनारपक्ष्यांचा दर्जा एकाच वेळी अधिक चिंतेच्या वर्गात गेला, आणि ही बातमी आपल्या किनाऱ्याशी थेट संबंधित आहे. त्यांपैकी करडा चिखल्या, बाकदार चोचीचा तुतवार आणि रुंद चोचीचा तुतवार हे तिघे आता ‘असुरक्षित’ आहेत, आणि तिघेही मुंबईच्या खाड्यांपासून सिंधुदुर्गापर्यंत हिवाळ्यात येतात. यांतला बाकदार चोचीचा तुतवार तर आपल्या मिठागरांवर आजही शेकड्यांनी दिसतो, म्हणून अनेक निरीक्षक नोंदीत त्याची संख्या न लिहिता नुसते ‘तुतवार, बरेच’ असे लिहितात. ही सवय सोडावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. सामान्य वाटणाऱ्या पक्ष्यांची घट ओळखायला जुन्या, जातीनिहाय, आकड्यांतल्या नोंदीच लागतात, आणि त्या नंतर तयार करता येत नाहीत. बारीक चोचीच्या कुरलाच्या बाबतीत जगाला हा धडा फार महाग पडला. सायबेरियातील ओम्स्क भागात त्याची घरटी १९२० च्या दशकानंतर कोणी पाहिलीच नाहीत, मोरोक्कोतील मर्जा झेर्गा येथे फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याचे शेवटचे खात्रीलायक दर्शन झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचे लाल यादीने नोंदवले. तो कुठे प्रजनन करतो हे नीट कळण्याआधीच गेला.

सुधारणेची उदाहरणेही आहेत आणि ती वेगवेगळ्या प्रकारची आहेत. काळ्या चेहऱ्याच्या चमच्या पक्ष्याची, म्हणजे पूर्व आशियातील स्पूनबिलची, मोजणी जवळजवळ पूर्ण असते, कारण तो तैवान, हाँगकाँग, जपान अशा थोड्या, ठाऊक असलेल्या जागीच हिवाळा काढतो. १९९० च्या सुमारास तीनशेच्या आसपास असलेला हा पक्षी आता सात हजारांच्या जवळ गेला आहे. ही खरी वाढ आहे. पांढऱ्या मानेचा करकोचा २०२० साली ‘असुरक्षित’मधून ‘संकटसमीप’मध्ये आला, तो मात्र पक्षी अचानक वाढले म्हणून नव्हे. शेतांत आणि कालव्यांकाठी तो किती प्रमाणात आणि किती यशस्वीपणे राहतो हे अभ्यासातून कळले, म्हणून. आसाममधल्या मोठ्या क्षत्रबलाकाला २०२३ साली ‘संकटग्रस्त’मधून ‘संकटसमीप’मध्ये आणण्यामागे वन्यजीव अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन आणि तिथल्या गावांतील स्त्रियांनी घरट्यांच्या झाडांचे केलेले रक्षण आहे. दर्जा सुधारला की त्यामागे यांतले कोणते कारण आहे ते आवर्जून पाहावे.

पट्टकादंब ‘किमान चिंते’च्या वर्गात असला तरी त्याला धोका नाही असे मात्र समजू नये. २००५ साली चीनमधील चिंगहाई सरोवरात बर्ड फ्लूने सहा हजारांवर पक्षी मेले. त्यांत ३,२०० हून अधिक पट्टकादंब होते, म्हणजे तेव्हाच्या अंदाजानुसार जगातील सहा टक्क्यांच्या आसपास. हिमाचलातील पोंग धरणावर एका हिवाळ्यात या जातीचे चाळीस हजारांच्या आसपास पक्षी असतात आणि तिथेही २०२०-२१ च्या हिवाळ्यात याच रोगाने सुमारे पाच हजार पक्षी गेले. त्यांत बहुसंख्य पट्टकादंबच होते. जे पक्षी एवढे एकवटतात, त्यांच्यासाठी विखुरलेले लहान तलाव महत्त्वाचे ठरतात. आपल्यासारख्या तलावांचे मोल माझ्या मते इथे आहे, आणि निवेदनात ते अवश्य मांडावे.

आता त्या नियमाविषयी. रामसर कराराच्या निकषांप्रमाणे एखाद्या पाणथळ जागेवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या समूहातील एक टक्का पक्षी येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. फार मोठ्या समूहांसाठी, म्हणजे वीस लाखांहून अधिक पक्षी असलेल्यांसाठी, एक टक्क्याऐवजी वीस हजारांचीच मर्यादा लागू होते. पट्टकादंबाच्या जुन्या अंदाजावर एक टक्क्याची मर्यादा ५६० होती, आणि आपले सहाशे-सातशे पक्षी ती ओलांडतात. नव्या अंदाजावर मात्र ती हजाराच्या आसपास किंवा वर जाते, आणि तिथे आपण कमी पडता. म्हणून निवेदनात जुना आकडा वापरून दावा करू नये. तपासणारा अधिकारी किंवा विरोध करणारा वकील तो पहिल्या बैठकीतच खोडून काढील आणि बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जाईल. एक टक्का भरत नसेल तर तसे स्पष्ट लिहून, तलावाचे महत्त्व जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संदर्भात मांडावे: जायकवाडी, उजनी, नांदूर मधमेश्वर यांच्याशी तुलना करून या जातीचे किती पक्षी कुठे मोजले गेले ते दाखवावे. तलावावर इतर जाती असतील तर त्यांचीही एक टक्क्याची मर्यादा तपासावी. अनेकदा ज्या पक्ष्यासाठी आपण जागा ओळखतो तो नव्हे, तर कोपऱ्यात बसणारा, कमी संख्येचा, एखादा दुसराच समूह निकष पूर्ण करतो.

‘नियमितपणे’ या शब्दाचीही व्याख्या ठरलेली आहे. पुरेशी माहिती असलेल्या हंगामांपैकी किमान दोन-तृतीयांश हंगामांत मर्यादा ओलांडलेली असावी आणि माहिती असलेले एकूण हंगाम तीनपेक्षा कमी नसावेत. किंवा किमान पाच वर्षांच्या, प्रत्येक हंगामातील सर्वोच्च संख्यांची सरासरी मर्यादेच्या वर असावी. एखाद्या वर्षी आलेल्या विक्रमी थव्याला एकट्याने काही अर्थ नाही. म्हणून या हिवाळ्यापासून मोजणी अशी ठेवावी: दर वर्षी तीच जागा, शक्यतो जानेवारीतला तोच आठवडा, पहाटे थवे चरायला शेतांत जाण्यापूर्वी. तलावाचा किती भाग पाहिला, किती जणांनी पाहिला, पाणी किती होते हे लिहावे. पक्षी आले नाहीत त्या वर्षी शून्य लिहावे; कोरी जागा आणि शून्य या विश्लेषणात पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. गळ्यात क्रमांकाची पट्टी असलेला पट्टकादंब दिसला तर पट्टीचा रंग आणि त्यावरची अक्षरे टिपून घ्यावीत, कारण मंगोलियात आणि भारतात पट्ट्या लावलेले पक्षी महाराष्ट्रापर्यंत येतात आणि आपल्या तलावावरचे पक्षी नेमक्या कोणत्या प्रजननक्षेत्राशी जोडलेले आहेत हे त्यावरून कळते. नोंदी आशियाई पाणपक्षी गणनेच्या राज्य समन्वयकांकडे पाठवाव्यात, त्यांची एक प्रत वन विभागाच्या विभागीय कार्यालयात द्यावी आणि पोच घेऊन ठेवावी. जागतिक संख्येचा उल्लेख कराल तिथे तो अंदाज कोणत्या वर्षीचा, सर्व पक्ष्यांचा की प्रजननक्षम पक्ष्यांचा, हे त्याच वाक्यात लिहावे.